बत्तीसशे रुपयांचा ससा

एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. पत्र लांब आहे, पण त्यातला प्रश्न एका ओळीचा आहे. त्यांची मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. घराजवळच्या मॉलमध्ये तिने करड्या रंगाचा, लांब कानांचा एक ससा पाहिला, उराशी धरला आणि निघताना तो तिच्या हातून सोडवून घेताना बरेच रडणे झाले. सशाची किंमत तीन हजार दोनशे रुपये. ‘‘एवढ्यात शाळेच्या व्हॅनचे दोन महिने निघतात,’’ असे यजमानांचे म्हणणे. बाईंचे म्हणणे निराळे आहे. ‘‘मी सकाळी साडेआठला घर सोडते, ती रात्री आठला परतते. दिवसभर मुलगी सासूबाईंपाशी असते. मी नसताना तिला कवटाळायला निदान काहीतरी चांगले असावे, असे वाटते. हा खर्च वेडेपणाचा आहे का?’’ पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे : ‘‘घरात अशी अकरा खेळणी आधीच आहेत. सगळी तिच्या पलंगावर असतात. हल्ली सकाळी उठल्यावर तिला खूप शिंका येतात. काही घरगुती उपाय असल्यास कळवावा.’’

वाचकहो, हे पत्र एका घरचे असले तरी प्रश्न अनेक घरांतला आहे. वाढदिवस, मुंज, परदेशाहून आलेले काका-मामा, दिवाळीची खरेदी अशा निमित्तांनी मऊ खेळणी घरात येतात आणि सहसा घराबाहेर जात नाहीत. म्हणून किमतीचा विचार करताना पैशाबरोबरच आरोग्याचा आणि मुलाच्या मनाचाही विचार करायला हवा. ताजा कलमातला प्रश्न मूळ प्रश्नाहून वेगळा नाही. त्याकडे आपण शेवटी येऊच.

पैसा नेमका कशाचा पडतो?

जत्रेत किंवा फुटपाथवर दीड-दोनशे रुपयांना मिळणारे अस्वल आणि काचेच्या कपाटातला बत्तीसशे रुपयांचा ससा यांत खरा फरक असतो, हे आधी मान्य केले पाहिजे. चांगल्या खेळण्याचे कापड दाट लवीचे असते आणि ती लव हाताला लागून सुटत नाही. शिवण दुहेरी असते. डोळे बहुधा धाग्याने भरलेले असतात किंवा आतून पक्के बसवलेले असतात. आत भरलेला कृत्रिम कापूस स्वच्छ आणि एकसारखा असतो. स्वस्त खेळण्यांत अनेकदा आत काय भरले आहे याचा पत्ता नसतो. चिंध्या, गिरणीचा टाकाऊ माल, फोमचे तुकडे असे काहीही निघू शकते.

पण हा फरक किमतीच्या सगळ्या फरकाचे कारण नव्हे. उरलेल्या रकमेत मॉलमधल्या गाळ्याचे भाडे असते, चित्रपटातले पात्र असेल तर त्याच्या हक्काचे शुल्क असते, परदेशी माल असेल तर आयात शुल्क असते. आपल्याकडे खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्के झाले आणि पुढे आणखी वाढले. त्यामुळे परदेशी सशाची जी किंमत आपण मोजतो तिच्यातला बराच भाग सशाच्या अंगाखांद्यावर कुठेच दिसत नाही.

आणि नाममुद्रेची किंमत असते. तिचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची स्त्री शिवणकाम करीत असे. लहानपणी पोलिओ झाल्याने ती चाकांच्या खुर्चीत असे. १८८० मध्ये तिने फेल्टच्या कापडाचे हत्ती शिवले ते टाचण्या टोचून ठेवण्यासाठी, पण घरोघरच्या मुलांनी ते खेळायला घेतले. १९०२ मध्ये तिच्या पुतण्याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र निघाले आणि ‘टेडी’ हे नाव अस्वलाला कायमचे चिकटले. नक्कल करणारे वाढले, तेव्हा श्टाइफ कंपनीने १९०४ पासून आपल्या प्राण्यांच्या कानात धातूचे बटण लावायला सुरुवात केली. अस्सल माल ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता. आज जुन्या वस्तूंचे संग्राहक त्या बटणासाठी मोठी रक्कम मोजतात. पण ते बटण मोठ्यांसाठी आहे. चार वर्षांच्या मुलीला ते वाचता येत नाही आणि वाचण्याची गरजही नसते.

मुलाला मऊ वस्तू का हवी असते?

मऊपणाची ओढ हा निव्वळ लाड नव्हे. १९५८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग जगापुढे मांडले. आईपासून दूर केलेल्या पिल्लांपुढे दोन बनावट आया ठेवल्या होत्या. एक उघड्या तारांची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्लू तिच्याकडे पोटापुरते जाई आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून राही. भय वाटले की धाव तिच्याकडेच. प्रयोग निर्दय होता, परंतु स्पर्श ही भुकेइतकीच मूलभूत गरज आहे हे त्यातून सर्वांना पटले. या प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. कापडाच्या आईजवळ वाढलेली पिल्लेही पुढे नीट वाढली नाहीत. इतर माकडांत मिसळणे, स्वतःची पिल्ले सांभाळणे त्यांना जमेना. मऊ कापडाने धीर दिला, पण त्याने पालनपोषण होऊ शकले नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर एक निबंध वाचला. पांघरुणाचा कोपरा, एखादे फडके, कापडी प्राणी यांना उराशी धरून मूल आईपासून थोडे थोडे दूर व्हायला शिकते, असे त्यांचे सांगणे. ती वस्तू जणू ‘मी’ आणि ‘बाहेरचे जग’ यांच्या मधल्या पायरीवर उभी असते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपल्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी आहे. अशी वस्तू मूल स्वतः निवडते. पालकांना ती नेमून देता येत नाही. सत्तर रुपयांचे नॅपकिन आणि सात हजारांचे अस्वल शेजारी ठेवले, तर मूल नॅपकिन उचलू शकते आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

ही निवड झाली की तिचे सामर्थ्य मात्र विलक्षण असते. १९७५ मध्ये पासमन आणि वाइसबर्ग या संशोधकांनी लहान मुलांना अनोळखी खोलीत नेऊन त्यांचे खेळणे पाहिले. ज्यांचा आपल्या पांघरुणावर जीव होता ती मुले ते जवळ असताना जवळपास आई शेजारी असल्यासारखी निर्धास्त खेळली. ज्यांचा पांघरुणावर असा जीव नव्हता त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे धीर कापडात नव्हता, जडलेल्या नात्यात होता. २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक ‘नक्कल करणारे यंत्र’ दाखवले. साध्या खेळण्याची हुबेहूब नक्कल मुले आनंदाने घेत, पण रोज रात्री कुशीत असणाऱ्या खेळण्याची नक्कल बहुतेकांना नको होती. काहींनी तर ते खेळणे यंत्रात ठेवूच दिले नाही. बाजारभावाने दोन्ही सारखीच होती. मुलाच्या लेखी एकच खरे होते.

आपल्या घरांविषयी येथे एक खुलासा केला पाहिजे. जिथे बाळ वेगळ्या खोलीत न झोपता आईच्या कुशीत झोपते, तिथे अशा वस्तूंवर जीव जडणे कमी आढळते. १९७० च्या दशकात कोरियन आणि अमेरिकी बाळांची तुलना झाली, तेव्हा हेच दिसले. म्हणून आपल्या मुलाला असे एखादे लाडके खेळणे नसेल, तर त्याच्यात काही उणे आहे असे समजू नये. त्याला धीर देणारी वस्तू आईचा पदर असेल, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी असेल. गोधडी ही आपल्याकडची सर्वांत जुनी मऊ वस्तू आहे. ती धुता येते, वाळते, ठिगळ लावून वाढते आणि तिला घरातल्या माणसांचा वास असतो. कोणत्याही दुकानात हा शेवटचा गुण विकत मिळत नाही.

मोजावी अशी किंमत

मग महाग खेळणे घ्यायचेच नाही का? तसे नाही. काही गोष्टींसाठी जास्त पैसे मोजणे योग्यच आहे आणि त्यांतली पहिली म्हणजे सुरक्षितता.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यासाठी खेळण्याची ज्वलनशीलता, सुटे भाग, शिसे व अन्य जड धातूंचे प्रमाण अशा चाचण्या होतात. चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो खरा की खोटा हे पाहता येते. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना यातून सवलत आहे. किंमत जास्त म्हणजे खेळणे सुरक्षित, असे समीकरण मात्र मांडू नये. पाचशे रुपयांचे चिन्हांकित खेळणे हे परदेशाहून सामानात आलेल्या, कसलीही खूण नसलेल्या महागड्या भेटीपेक्षा अधिक भरवशाचे असू शकते.

दुकानातच काही गोष्टी पाहून घ्याव्यात. डोळे, नाक, बटणे जोराने ओढून पाहावीत. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल असा कोणताही सुटा भाग धोक्याचा मानतात, कारण तो घशात अडकू शकतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने खेळणे घासून रंग सुटतो का ते पाहावे. शिवणीत करंगळी शिरत असेल तर ते खेळणे परत ठेवावे. गळ्यातल्या फिती, वीतभर लांब दोऱ्या घरी आणल्या आणल्या कापून टाकाव्यात. गाणारे, बोलणारे खेळणे असेल तर बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते ना, याची खात्री करावी. चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होते. तशी नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

एक नियम किमतीशी निगडित नाही, पण सर्वांत महत्त्वाचा आहे. एक वर्षाखालील बाळ झोपते त्या जागी कोणतेही मऊ खेळणे ठेवू नये. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था हेच सांगते. तोंडानाकावर आलेली मऊ वस्तू एवढ्या लहान बाळाला बाजूला सारता येत नाही. बारशाला आलेले अस्वल कपाटावर शोभते. पाळण्यात ते नको.

जास्त पैसे मोजावेत अशी दुसरी गोष्ट म्हणजे धुता येणे. गंमत अशी की खेळणे जितके मोठे आणि महाग, तितकी त्याच्या पट्टीवर ‘फक्त वरून पुसावे’ अशी सूचना असण्याची शक्यता अधिक. चार फुटी अस्वल बादलीत मावत नाही, यंत्रात जात नाही आणि भिजलेच तर आतून आठवडाभर वाळत नाही. पावसाळ्यात तर ते आतून कुबट होते. खरेदीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे आज सकाळी धुतले, तर उद्या रात्री मुलाच्या कुशीत असेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते शोभेची वस्तू म्हणून ठेवावे, झोपायला देऊ नये.

तिसरी गोष्ट संख्येची. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळू दिले. चार खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारांनी खेळली. एक चांगले, टिकाऊ खेळणे घ्यावे आणि त्यापायी पाच स्वस्त टाळावीत, हा हिशोब म्हणूनच शहाणपणाचा आहे. पाच असताना सहावे महागडे आणणे हा हिशोब नव्हे.

शिंकांचा हिशोब

आता ताजा कलम. अंथरुण, उशी, गालिचा आणि मऊ खेळणी यांत धुळीतले अतिसूक्ष्म कीटक राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगावरून झडणारी त्वचेची सूक्ष्म पापुद्री हे त्यांचे अन्न आणि दमट हवा ही त्यांची आवडती हवा. त्यांच्या विष्ठेची काहींना ॲलर्जी असते. सकाळच्या शिंका, नाक चोळणे, डोळे खाजणे ही तिची नेहमीची लक्षणे आणि काही मुलांत त्यातून दमा बळावतो. अकरा खेळण्यांसोबत आठ-नऊ तास तोंड खुपसून झोपणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही शंका प्रथम घ्यायला हवी.

उपाय सोपे आहेत. पलंगावर एकच खेळणे राहावे, तेही तिने निवडलेले. बाकीची झाकणाच्या डब्यात ठेवून पाळीपाळीने खेळायला काढावीत. लाडके खेळणे दर एक-दोन आठवड्यांनी धुवावे. कापड सोसत असेल तर साठ अंशांच्या गरम पाण्यात, कारण थंड पाण्याने ते कीटक मरत नाहीत. गरम पाणी चालत नसेल तर खेळणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक-दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावे आणि मग साध्या पाण्यात धुवावे. थंडीने कीटक मरतात, पण ॲलर्जी करणारा अंश धुतल्यावाचून जात नाही. त्यानंतर कडक उन्हात पूर्ण वाळवावे. अर्धवट ओले खेळणे परत देऊ नये.

केवळ खेळणी हलवून शिंका थांबतीलच असे नाही. गादी आणि उशी यांत कीटकांची वस्ती अधिक असते, म्हणून चादरी-अभ्रेही दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत. रात्री खोकल्याने झोपमोड होत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, धावताना दम लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

लाडके खेळणे धुताना मुले रडतात, कारण धुण्याने त्याचा ओळखीचा वास जातो. म्हणून ते गुपचूप पळवू नये. ‘आज सशाची आंघोळ’ असे सांगून मुलीलाच मग हातात द्यावा आणि दोरीवर टांगताना चिमटा तिलाच लावू द्यावा. एकसारखी दोन खेळणी घेऊन आलटून पालटून देण्याची युक्ती अनेक घरी वापरतात. ती पहिल्या दिवसापासून केली तर चालते. जीव जडल्यावर आणलेली जोडी मुले बहुधा ओळखतात.

भगिनींस उत्तर

बाई, हा खर्च वेडेपणाचा नाही. घरखर्चाला ओढ न लागता जमत असेल, सशावर मानक चिन्ह असेल आणि तो धुता येत असेल, तर वाढदिवसाला जरूर आणा. पण आणण्यापूर्वी पंधरा दिवस थांबा. मुलीने मधल्या काळात त्याचे नाव काढले, त्याची आठवण केली, तर तिची निवड खरी आहे. विसरली, तर रडणे सशासाठी नव्हते, त्या क्षणासाठी होते. आणायचाच ठरला तर अकरांपैकी चांगली, स्वच्छ चार-पाच खेळणी धुऊन वाळवून कुणाला द्यायची, हे तिच्याशी बोलून ठरवा.

एक विनंती मात्र आहे. ‘मी नसताना तिला काहीतरी असावे’ म्हणून ससा आणू नका. ती जागा भरण्याचे काम त्याच्यावर टाकले, तर बत्तीसशे काय, बत्तीस हजारांचाही ससा कमी पडेल आणि अपराधीपणाची टोचणी तशीच राहील. शिवाय ती जागा रिकामी नाही. तिथे सासूबाई आहेत, आणि आजीची मांडी ही कापडाची आई नव्हे.

२००६ च्या युद्धानंतर इस्राएलमध्ये भेदरलेल्या लहान मुलांना संशोधकांनी एक कापडी कुत्रा दिला होता. तो देताना सांगितले की हा फार उदास आहे, याला कुणी मित्र नाही, तू याची काळजी घेशील का? ज्यांना असा कुत्रा मिळाला त्या मुलांमधला ताण कमी झाला, आणि ज्यांनी त्याला अधिक जवळ केले, त्याची अधिक काळजी घेतली, त्यांना अधिक लाभ झाला. कुत्रा भारी किमतीचा नव्हता. त्याच्यासोबत एक काम दिले होते, विश्वासाने दिले होते.

रात्री आठला घरी आल्यावर आपणही तेच करू शकता. जेवण आटोपले की दहा मिनिटे सशाच्या तोंडून विचारा : आज आजीने काय केले, शाळेत कोण रडले, डब्यातले काय आवडले नाही? मुले जे आईला सांगत नाहीत ते सशाला सांगतात, आणि ससा आईच्या हातात असतो. हे बत्तीसशेच्या सशाबरोबर होते, आणि आपल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याचा, दोन गाठी मारून कान केलेला ससा असेल तर त्याच्याबरोबरही होते. तो शिवायला एक रविवार पुरतो. मुलीला शेजारी बसवून शिवलात, तर कोणता ससा रात्री पलंगावर राहायचा हे ती स्वतःच ठरवील. तो निर्णय तिच्यावर सोडावा.